डब्यातला कवडसा घेऊन कांजूर ते गोराई

मुंबईला माणसं कामाला जातात, समुद्र बघायला जातात, लग्नाला जातात. मी गेले हवा मोजायला. आमच्या स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा हशा पिकला. "मॅडम, कोल्हापूरचा पांढरा रस्सा सोडून मुंबईची धूळ खायला चाललाय होय?" हसा म्हटलं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

माझी ताई कांजूरमार्गला राहते. भाऊजी गेल्यापासून एकटी. त्यांना मूलबाळ नाही, आणि मी ताईपेक्षा इतकी लहान की तिचं पहिलं मूल मीच, असं आई म्हणायची. गेले दोन हिवाळे ताईच्या छातीत शिट्टी वाजते. फोनवर ती बोलायची थांबली की मागून ती बारीक शिट्टी ऐकू येते, आणि माझा हातातला घास हातातच राहतो. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, हवा बदला, धूर टाळा, नाहीतर पुढच्या थंडीत घरात ऑक्सिजनचं यंत्र आणावं लागेल. ताईनेही त्यांना तितकंच स्पष्ट सांगितलं, की घर सोडणार नाही. तिथून पुढे भांडण माझ्याकडे आलं.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत हवेतले कण मोजायचं एक यंत्र आहे. प्राचार्यांच्या हातापाया पडून ते सुट्टीपुरतं मागून घेतलं. दिसायला जेवणाच्या डब्याएवढं, म्हणून मी त्याला डबाच म्हणते. आत एक लेसरचा किरण असतो. छोटा पंप नळीतून बाहेरची हवा आत ओढतो. हवेत कण असले की ते किरणातून जाताना प्रकाश चहूकडे उधळतात, आणि बाजूला बसवलेला एक डोळा तो उधळलेला प्रकाश मोजून आकडा दाखवतो. कण जास्त तर आकडा मोठा. बस, एवढंच. लहानपणी आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याला भोक होतं, त्यातून दुपारी कवडसा पडायचा. त्यात नाचणारी धूळ मला पहिल्यांदा ताईनेच दाखवली होती. "एरवी पण असते गं ती," ती म्हणाली होती, "उजेड तिला धडकून आपल्याकडे येतो, म्हणून दिसते." पुढे मी पुस्तकात जे वाचलं ते हेच होतं.

माझा बेत साधा होता. ताईच्या घरातली हवा मोजायची, दुसऱ्या दोन ठिकाणची मोजायची आणि आकडे तिच्या तोंडावर मारून तिला तिथून हलवायची.

कांजूरमार्ग

ताईच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. दार उघडताच तिने मला जवळ घेतलं आणि तिच्या छातीतली शिट्टी माझ्या कानाशीच वाजली. फोनवर ऐकणं वेगळं. मला एकदम रडू आलं, ते लपवायला मी पिशव्यांशी झटापट करायला लागले.

"काय गं, किती वाळलीस!" ताई म्हणाली. हे तिने म्हणायचं!

जेवणात वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी होती. ताई कोल्हापूरची, पण चाळीस वर्षं मालवणी घरात संसार केला, त्यामुळे तिच्या हातात नारळ शिरलाय. मी आईच्या पद्धतीचा कांदालसूण मसाला नेला होता. तिने बरणी उघडून नुसता वास घेतला, ठसका लागला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "झकास. आता फक्त वासाचीच धनीण मी."

मग गॅलरीत डबा मांडला. पलीकडून वाऱ्यावर कचऱ्याच्या डंपिंगचा वास येत होता. नवख्या माणसाचं नाक फिरावं असा. मला वाटलं, आता आकडा आभाळाला भिडणार. कसलं काय! आकडा बरा होता. मुंबईच्या मानाने सभ्य म्हणावा असा.

"बघ," ताई म्हणाली.

"तसं नसतं," मी म्हटलं, "वासाला प्रकाश अडत नाही. हा डबा फक्त कण बघतो, याला नाक नाही."

"मग बरंच आहे की. माझ्याही नाकाला आता तो वास कळत नाही."

तिन्हीसांज झाली. मी डबा आत आणून हॉलमध्ये ठेवला. ताई देवघरात गेली आणि रोजच्यासारखं पितळी धुपाटणं घेऊन आली. निखाऱ्यावर ऊद टाकून ती खोल्याखोल्यांतून फिरली. भाऊजींचा हा नेम. "ऊद लावल्याशिवाय घराक घरपण नाय," असं ते म्हणायचे. घरभर तो ओळखीचा वास दरवळला, भाऊजी आत्ता आतून येतील असं वाटलं, आणि तेवढ्यात माझं डब्याकडे लक्ष गेलं. आकडा चढत होता. झपाझप.

"बघितलंस? आला तुझा डंपिंगचा वारा!" मी ओरडले. उठले आणि खिडक्या धडाधड लावल्या. गॅलरीचं दार लावलं. स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा सोडली नाही. आकडा आणखी चढला. "अगं बाई, फटीतून येतंय!" म्हणत मी दाराखाली पायपुसणं कोंबलं. ताई खोकायला लागली. खोकून खोकून लाल झाली, श्वासाचा पंप मारला, खुर्चीत बसली. आणि मी, फिजिक्सची मास्तरीण, कमरेवर हात ठेवून म्हणते, "झालं समाधान? हे घर सोडायचं म्हणजे सोडायचं."

ताई धुपाटणं मांडीशी धरून बसून राहिली.

मुलुंड

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडला गेलो. डोंगराच्या अंगाला एक फ्लॅट भाड्याने मिळत होता. ताईला घर बघण्यात काडीचा रस नव्हता, पण बहिणीबरोबर फिरायला मिळतंय म्हणून तिने ठेवणीतली साडी नेसली आणि खऱ्या डब्यात पोहे घेतले. आम्हा दोघींची ही सहल म्हणायची की मोहीम, हे रिक्षात बसेपर्यंत ठरत नव्हतं.

"क्या है इसमें, टिफिन?" रिक्षावाल्याने माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघून विचारलं.

"हवा," ताई म्हणाली. पुढे त्याने काही विचारलं नाही.

फ्लॅटजवळच्या बागेत सकाळचे फिरणारे होते. मी बाकावर डबा लावला मात्र, भोवती गर्दी. आमच्याकडे रंकाळ्यावर कोणी यंत्र घेऊन बसलं तर लोक लांबून बघतील आणि घरी जाऊन चर्चा करतील. इथे तसलं काही नाही. एका काकूंना वाटलं बीपीचं मशीन, त्यांनी बाही वर केली. मागे रीतसर रांग लागली. एक धिप्पाड काका पुढे आले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी नळीत जोरात फुंकर मारली. आकड्याने उडी मारली ती केवढी!

"मेरे अंदर इतना कचरा?" काका पांढरेफटक पडले.

मी त्यांना समजावलं. श्वासात वाफ असते, सकाळच्या गारव्यात तिचे बारीक थेंब होतात, आणि थेंबसुद्धा धुळीसारखाच प्रकाश उधळतात. डब्याला दोन्ही सारखेच. कचरा नाही काका, पाणी आहे नुसतं. त्यांच्या जिवात जीव आला, त्यांनी आम्हाला खाखरे दिले. ताई हसून हसून बेजार झाली आणि हसण्याचा शेवट खोकल्यात झाला. एका काकूंनी न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मुलुंडचा आकडा काही फार वेगळा नव्हता. खाली रस्त्याचं काम चालू होतं. फ्लॅटच्या मालकाने "दोन महिन्यांत होईल" म्हटलं, आणि वॉचमन त्याच्या मागे उभा राहून मान हलवत होता, नाही म्हणून. मुलुंड बाद.

गोराई

माझी खरी भिस्त गोराईवर होती. ताईच्या ऑफिसातली मैत्रीण फिलोमिना तिथे राहते. दोघींनी वर्षानुवर्षं टेबलाला टेबल लावून काम केलं, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. फिलोमिना कधीपासून मागे लागली होती, मागची खोली रिकामी आहे, ये राहायला.

मुलुंडहून तशाच निघालो आणि बोरिवलीच्या बाजूने होडीने खाडी ओलांडली. पलीकडे पाय ठेवला आणि मुंबई मागे राहिली. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, वळणावर फुलं वाहिलेला क्रूस होता, परसात वांगी. फिलोमिना वाटेतच उभी होती. तिने ताईला मिठी मारली, मग जरा दूर धरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आयलीस गो एकदाची! आता जाव नको."

दुपारी तिने फुगे तळले. मैद्याचे, गोल, हलके, मटणाच्या रश्शात बुडवून खायचे. रश्शाला रंग असा की मी चमकलेच. रंग कशाचा विचारलं, तर फिलोमिनाने फळीवरून बिअरच्या बाटल्या खाली काढल्या. ताई म्हणाली, "घाबरू नको, मसाला आहे." उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरायचा, वर्षभर उजेड लागू द्यायचा नाही. आमच्याकडे बरणी, त्यांच्याकडे बाटली, पण ठसका तोच. मी माझ्या मसाल्याची पुडी तिला दिली, तिने मला एक बाटली दिली. आम्ही दोघी मसाल्यावर अशा काही बोलत बसलो की ताई म्हणाली, "मला इथे ठेवणार की तूच राहतेस?"

रात्री तिथेच मुक्काम केला. पहाट फुटता फुटता मी डबा अंगणात नेला. समुद्राकडून संथ ओलसर वारा येत होता. इतकी गोड हवा मी कित्येक दिवसांत छातीत घेतली नव्हती. ताई शाल पांघरून पायरीवर बसली. मी बटण दाबलं.

आकडा आला तो कांजूरच्या गॅलरीतल्या आकड्याच्या दुप्पट.

बंद करून पुन्हा लावला. तेच. नळी झटकली. तेच.

"काय झालं?" ताई उठून आली, तिने आकडा बघितला आणि टाळी वाजवली. "जिंकले! अगं, तुझाच डबा सांगतोय! गोराईपेक्षा माझं कांजूर बरं! फिलू, ए फिलू, ऐकलंस का?"

मी तिथेच मातीत बसले. वाट लागली म्हटलं. एवढी यातायात केली, आणि डबा उलटला. मग मला मुलुंडचे काका आठवले. गवतावर दव होतं. डब्याच्या झाकणावरही पाणी धरलं होतं. समुद्रावरच्या हवेत मिठाचे बारीक कण, आणि पहाटेच्या ओलीत मीठ काय करतं ते कुठल्याही बाईला विचारा. पाणी धरतं, फुगतं. डबा ते फुगलेलं मीठपाणी बघत होता. धूळ नव्हतीच ती. नळीतून आत जाणारी हवा आधी जरा गरम करून कोरडी करायला हवी होती. मोठ्या यंत्रांत ती सोय असते, आमच्यात नाही.

हे सांगायचं की नाही? सांगावं तर लागणारच होतं, कारण माझाच फायदा होता. पण ताई अंगणात लहान पोरीसारखी खूश होऊन उभी होती. किती तरी दिवसांनी.

"ताई, आकडा खोटा आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. नळी शेकायला काही असतं तर दाखवलंही असतं, पण आता नाही, तेव्हा तू म्हणतेस तसंच धरू.

ताईने ऐकून घेतलं. मग आत गेली, आणि बाहेर आली ती तिची रबरी शेकाची पिशवी घेऊन. कमरेसाठी ती कुठेही जाताना बरोबर नेते. फिलोमिनाच्या चुलीवरचं गरम पाणी तिने त्यात भरलं होतं.

"घे. गुंडाळ नळीला."

"ताई, तू हरशील."

"खोट्या आकड्यावर जिंकून काय करू गं? छाती तर माझी खरीच आहे ना?"

पिशवी नळीभोवती गुंडाळून तिने स्वतः दोन्ही हातांनी धरून ठेवली. आकडा उतरू लागला. उतरत उतरत इतका खाली आला की सबंध प्रवासात तितका कुठेच दिसला नव्हता. ताई बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, पण तिने पिशवी सोडली नाही.

"हा डबा मीठ, पाणी, धूळ सगळं एकाच डोळ्याने बघतो," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे नुसता आकडा बघून चालत नाही. आत्ता काय दिसतंय रे बाबा तुला, असं विचारायला पाहिजे."

"येशील ना मग इकडे?" फिलोमिनाने दारातून विचारलं.

"बघू," ताई म्हणाली. त्या 'बघू'मध्ये एवढं दुःख होतं की माझा जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

पुन्हा कांजूर

संध्याकाळी परत आलो. ताई एकेका वस्तूला हात लावत फिरत होती. भाऊजींनी बसवलेली फळी, त्यांची खुर्ची. मी चहा टाकला. काही सुचेना म्हणून डबा लावला, खिडक्या उघड्याच होत्या. आकडा शांत होता.

मग ताई धुपाटणं घेऊन आली. निखारे फुलवले, ऊद टाकला. निळसर धुराची रेघ वर चढली. मावळतीचं ऊन गॅलरीतून आडवं आत आलं होतं, त्यात तो धूर लखलखून उठला. आमच्या स्वयंपाकघरातला कवडसाच, पण त्यात धूळ नाही, ढगच्या ढग. मी डब्याकडे बघितलं. आकडा चढत होता. झपाझप. परवासारखाच.

परवा मी खिडक्या लावल्या होत्या. धूर घरात कोंडून ताईला त्यात बसवलं होतं, आणि वर तिलाच दटावलं होतं. देवा! आमच्या आईनेही जन्मभर ऊद लावला. आम्हाला धूर म्हणजे चुलीचा, ट्रकचा, कचऱ्याचा. उदाला कधी कोणी धूर म्हटलं का?

"ताई," मी म्हटलं, "डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलं होतं ना?"

"मग? गॅस आहे आपल्याकडे. मच्छर अगरबत्तीसुद्धा मी बंद केली." तिने माझी नजर बघितली, मग डब्याकडे बघितलं. मग हातातल्या धुपाटण्याकडे.

"ऊद म्हणजे धूर नाही गं," ती हळूच म्हणाली. "ऊद म्हणजे ऊद."

मी जवळ जाऊन बसले. ती सांगायला लागली. शेवटच्या दुखण्यातही भाऊजी भिंत धरून धरून प्रत्येक खोलीत ऊद फिरवायचे, ती मागे मागे चालायची, पडतील म्हणून. "अजून मी हे घेऊन फिरते ना, तेव्हा ते पुढे चालत असतात. मी मागे. रोज तेवढा वेळ ते घरात असतात. तू म्हणतेस घर सोड. घराचं काय गं, विटा आहेत. हे सोडून कशी जाऊ?"

आम्ही दोघी रडलो. लपवायला या वेळी पिशव्या नव्हत्या, आणि लपवायचंही नव्हतं. मी म्हटलं, घर सोडू नकोस, बाहेरची हवा मी समजत होते तेवढी वाईट नाही, थंडीच्या दिवसांत जाऊन राहा फिलोमिनाकडे, बाकी राहा इथेच. पण ताई, हे... मी धुपाटण्याकडे बोट केलं. ती उठली. निखारे नळाखाली धरले. चर्रर्र झालं. मग तिने गॅलरीचं दार सताड उघडलं.

सकाळी मी बॅग भरत होते, तर ताईने धुपाटणं चिंचेने लख्ख घासून, जुन्या पातळात गुंडाळून माझ्यापुढे ठेवलं.

"तुझं अंगण मोकळं आहे. वारा आहे. तिकडे लाव."

"ताई..."

"ऐक तरी. तिन्हीसांजेला लाव आणि मला फोन कर. तू अंगणात फीर, मी इथे फिरते. ते पुढे चालतील. त्यांना काय, कोल्हापूर काय नि कांजूर काय."

कोल्हापूर

डबा प्रयोगशाळेत परत गेला. मसाल्याची बाटली फळीवर आहे, माझी लेक रोज विचारते, आई, बिअर कोणाची? आणि रोज दिवेलागणीला मी अंगणात ऊद लावते, वाऱ्याच्या अंगाला धुपाटणं धरते आणि फोन कानाला लावून चालते. शेजारणी बघतात. बघू देत.

"कुठे आहेस?" ताई विचारते.

"तुळशीपाशी. तू?"

"स्वयंपाकघरात. आता पुढच्या खोलीत चालले."

मग बोलणं थांबतं. फोनमधून तिची पावलं ऐकू येतात, आणि श्वास. औषधं चालूच आहेत, पंपही लागतो अधूनमधून. मी रोज त्या शिट्टीसाठी कान देऊन चालते. परवा मी सबंध अंगण फिरले, दारापर्यंत आले, तरी ती वाजली नाही. पायरीशीच उभी राहिले.

"काय गं, गप्प का झालीस?" ताई म्हणाली.

"काही नाही. तू चाल पुढे, देवघर राहिलंय."